सोयर नाही, सुतक नाही

खट्.

बुटक्या लाकडी पायांचं काहीतरी जमिनीवर टेकलं. आवाज तेवढाच होता. पण शरद ऋतूपासून आमच्या घरात जी शांतता मुरली होती, तिच्यात तो पार मागच्या खोलीपर्यंत ऐकू गेला असेल. मी स्वयंपाकघरात मुळा किसत होते. हात थांबला. तो आवाज मी ओळखते. माळ्यावरच्या पेटीतून वर्षातून एकदाच खाली येणारा लाखेचा चौरंग. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी डोंगरावरून नामाहागे, राक्षसी मुखवट्यांतले देव, उतरतात, त्यांना जेवण वाढायचा. चौरंग खाली आला म्हणजे आमचं दार आज उघडं राहणार.

मी ओल्या हातांनीच बाहेर आले. सासूबाई गुडघे टेकून फडक्यानं चौरंगाचे कोपरे पुसत होत्या.

“आई, हा कशाला काढलात?”

“कशाला म्हणजे? एकतीस तारीख ना आज.”

“यंदा आपल्याकडे नाही यायचं त्यांनी.”

फडकं चालूच राहिलं. “का बरं?”

का बरं. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. ज्या घरात त्या वर्षी मूल जन्मलं किंवा माणूस गेलं, त्या घरात नामाहागे पाऊल ठेवत नाहीत. मागच्या वर्षी कोपऱ्यावरच्या घरातले आजोबा गेले होते, तर एरवी आरडाओरडा करत फिरणारे देव त्या दारावरून चोरासारखे पाय न वाजवता गेले. त्याआधी शाळेच्या मागच्या घरात जुळं झालं, तेव्हाही तसंच.

“सोयर असेल तर येत नाहीत, सुतक असेल तर येत नाहीत,” मी म्हणाले.

“मग?” सासूबाईंनी मान वर केली. “आपल्याकडे काय आहे?”

त्या टोमणा मारत नव्हत्या, हेच मला सहन झालं नाही. घरात सोया सॉस शिल्लक आहे का, हे जसं विचारतात, तसं त्यांनी विचारलं. माझ्या बोटांवरून मुळ्याचं पाणी चटईवर टपकत होतं. त्यांनी तेही पुसलं.

ऑक्टोबरात, मला आठवा महिना असताना पोटातली हालचाल थांबली. शहरातल्या इस्पितळात नेईपर्यंत मी दोन्ही हात पोटावर ठेवून त्याला हाका मारत होते. तो आला, पण रडला नाही. मी गुंगीत होते. दाराशी सासूबाईंचा आवाज आला, “तिला दाखवू नका. एकदा बघितलं की जन्मभर डोळ्यांपुढून जाणार नाही.” नर्सनं माझ्या नवऱ्याकडे, तोशिकीकडे पाहिलं. तोशिकीनं मान डोलावली. तो आत जाऊन त्याला बघून आला. मला जाग आली तेव्हा सासूबाई माझे पाय चेपत होत्या आणि म्हणाल्या, “सगळं आवरलं.”

आवरलं. जेवणानंतर ओटा आवरतात तसं.

जे मूल श्वास न घेता जन्मतं त्याचं नाव सरकारदरबारी कुटुंबात चढत नाही. देवळाच्या आवारात, मुलांना सांभाळणाऱ्या दगडी जिझो देवाच्या रांगेत सासूबाईंनी आमचाही एक देव ठेवला आणि त्याला लाल लाळेरं शिवून घातलं. सुरेख शिवलं होतं, टाका न् टाका सारखा. माझ्या पाच वर्षांच्या लेकीला, सुझुनाला सांगितलं, बाळ परत गेलं. कुठे परत गेलं हे तिनं विचारलं तेव्हा तिच्या हातात संत्रं दिलं. आणि घरात त्याच्याबद्दल पुन्हा कुणी अवाक्षर काढलं नाही. माझ्या छातीत दूध आलं. सासूबाईंनी एक शब्दही न बोलता छातीवर घट्ट कापड बांधलं, ओलं झालं की बदललं, पुन्हा बांधलं. त्यांचे हात मऊ होते. त्या हातांवर रागावता येत नव्हतं, म्हणून राग आणखी आत जाऊन बसला.

गावानं माझं पोट पाहिलं होतं. दुकानात, बसच्या थांब्यावर, बंदरावर मासळी घेताना बायका पोटावर हात ठेवून “मुलगाच आहे बघ” म्हणायच्या. मग रिकामं पोटही त्यांना दिसलंच की. पण त्याच बायका आता थंडीबद्दल बोलतात.

दुपारी शोगो काका आले. नामाहागे गावात फिरतात तेव्हा हे पुढे चालतात, दारात विचारतात, घरचे हो म्हणाले की मग देव आत. त्याआधी दिवसा घरोघर जाऊन ते माहिती काढून ठेवतात, म्हणजे संध्याकाळी देवांना पोराला कशावरून दरडावायचं ते ठाऊक असतं.

“काय मग, सुझुनाचं काय काय सांगायचं?” ओसरीवर टेकत ते म्हणाले.

“गाजर ताटात ठेवते,” सासूबाई म्हणाल्या. “चपला कधी सरळ लावत नाही. आणि शेजारच्या कुत्र्याची शेपूट ओढते.”

“कुत्र्याची तक्रार नाही आली अजून माझ्याकडे.”

“तो बिचारा काय बोलणार. त्यालाही घेऊन या संध्याकाळी, समोरासमोर होऊ दे.”

दोघं हसले. मग सासूबाई त्यांना दारापर्यंत पोचवायला गेल्या आणि तिथं दोघांची कुजबुज झाली. मला शब्द कळले नाहीत. काका बूट घालत होते तेवढ्यात मी गाठलं.

“काका, आमचं दार यंदा बंद असेल.”

सासूबाईंनी श्वास आत ओढला. काकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं.

“बघ सूनबाई,” ते हळूच म्हणाले, “तुला वाईट वाटलं, ते समजतं मला. पण सोयर म्हटलं तर बाळाला नाव लागतं, आपण त्याला देवाच्या पायावर घालून आणतो. सुतक म्हटलं तर भिक्षू घरी येतात, गाव जेवतं. तुमच्याकडे ना हे झालं ना ते. मी ते बसवू कशात?”

“नाव होतं त्याला.”

“कुठं लिहिलंय?”

“मी हाक मारत होते.”

मग खरी गोष्ट बाहेर आली. “आणि हे पण बघ, सुतक धरलं तर तोशिकीला देवाचा मुखवटा-पेंढा घालता येणार नाही. मग मी कुणाला घालू? गावात तरणे राहिलेत किती? गेल्या वर्षी आमच्या एका देवाला अंगणातच धाप लागली, मुखवटा वर करून दम्याचा पंप मारला त्यानं. पोरं घाबरायची सोडून हसायला लागली.”

“म्हणजे माणसं कमी पडतात म्हणून माझं मूल मोजायचं नाही.”

“असं नको म्हणू गं.”

“मग कसं म्हणू?”

त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली, नीट बसली की नाही ते चाचपलं, आणि निघून गेले.

तोशिकी बंदरावरून लवकर आला होता. त्याच्या अंगाला हाताहाता माशांचा वास होता; डिसेंबरात वीज कडाडली की तो मासा अंडी घेऊन किनाऱ्याला येतो आणि सगळं गाव तेच खातं. आंघोळ करून तो परत दाराशी आला, तेव्हा मी तिथंच बसले होते.

“तू जाणार?”

“जावंच लागतंय.”

“ज्याच्या घरात मरण आहे तो पेंढा अंगावर घेत नाही. हे तूच मला सांगितलं होतंस, लग्नाच्या पहिल्या वर्षी.”

तो बुटात पाय घालत राहिला. “इकुए, आज नको.”

“मग कधी? ऑक्टोबरातही आज नको होतं.”

“आई म्हणते, देव येऊन गेले, आशीर्वाद मिळाला, की पुढचं...”

“पुढचं,” मी म्हणाले. “मागचं कुणाचं होतं?”

त्याचा हात दारावर होता. काच धुक्यानं भरली होती, पलीकडे समुद्रावरून येणारा बर्फ आडवा उडत होता. मी उठून त्याच्या बाहीला धरलं. मला भांडायचं नव्हतं. मला एकच गोष्ट हवी होती आणि ती फक्त त्याच्याकडे होती.

“तू पाहिलंस त्याला. एकदा सांग कसा होता. मग खुशाल जा.”

त्याचे ओठ हलले. मला वाटलं सांगतोय.

“शोगो काका वाट बघत असतील,” तो म्हणाला आणि दार सरकवून गेला. त्याच्या बुटांचे ठसे बर्फानं माझ्यासमोरच भरून काढले.

उरलेली दुपार सुझुना माझ्या मांडीवरून हलली नाही. भीतीनं तिचे पाय गार पडले होते. मी ते माझ्या स्वेटरखाली घेतले, पोटाला लावून.

“गोष्ट सांग. नामाहाग्यांची. पण ते हरतात ती.”

ती गोष्ट आमच्याकडे सगळ्यांना पाठ असते. राक्षस फार माजले होते, पीक न्यायचे, पोरी न्यायच्या. गावानं पैज लावली. एका रात्रीत डोंगरावरच्या देवळापर्यंत हजार पायऱ्या रचा. कोंबडा आरवायच्या आत झालं तर दर वर्षी एक मुलगी देऊ, नाही झालं तर पुन्हा गावात यायचं नाही. राक्षसांनी दगड उचलले. एकच पायरी राहिली आणि गाव घाबरलं. मग एक माणूस अंधारात लपून कोंबड्यासारखा आरवला.

“खोटं खोटं,” सुझुना म्हणाली.

“खोटं खोटं.”

“मग ते चिडले?”

“चिडले असतील. पण गेले. कोंबडा आरवला तर जायचं असं ठरलं होतं ना.”

हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण त्या दुपारी पहिल्यांदा मला त्या गोष्टीत कोण कोण होतं ते दिसलं. दगड वाहून वाहून हात फुटलेले राक्षस ठरल्याप्रमाणे निघून गेले. आणि ज्यांनी ठरवलं होतं, ती माणसं कोपऱ्यात बसून कोंबड्याचा आवाज काढत होती. आजही तेच चाललं होतं. सोयर-सुतकाचा नियम माणसांनी केला, आणि गरज पडली की माणसंच म्हणणार, यात तुझं बसत नाही.

अंधार पडायला लागला तसा लांबून आरडाओरडा यायला लागला. शेजारी कुत्रं आधी भुंकलं, मग गप्प झालं. सासूबाई चांगला किमोनो नेसून सासऱ्यांच्या जागी बसल्या होत्या. सासरे गेल्यापासून देवांची सरबराई त्याच करतात. चौरंगावर मासे, मुळ्याचं लोणचं, तांदळाची मोची, दारूची सुरई. सुझुना माझ्या पाठीला चिकटली होती. तिला तशीच घेऊन मी दाराशी गेले आणि आतून कडी घातली.

बर्फात पावलं थांबली. शोगो काकांनी ठरलेलं वाक्य म्हटलं, “नव्या वर्षाच्या शुभेच्छा. घरात सगळं कुशल ना? देवांनी आत यावं का?”

हे विचारतात ते उगीच नाही. याला उत्तर देता येतं, म्हणून विचारतात.

“या घरात मरण आहे,” मी दाराआडून म्हणाले. “पुढं जा.”

वाऱ्यानं पेंढा सळसळत होता तेवढाच आवाज. मला वाटलं, आता जातील. मग माझ्या मागून सासूबाई आल्या, मला खांद्यानं बाजूला केलं, त्या वयात एवढा जोर कुठून आला देव जाणे, आणि कडी काढली.

“यावं, यावं. पोरीची तब्येत बरी नसते हल्ली. मनावर घेऊ नका.”

दार सरकलं आणि गर्जना घरात घुसली.

“कुठं आहे रडकं पोर? कुठं आहे आळशी सून?”

दोघे होते. निळा मुखवटा आणि लाल मुखवटा, कमरेइतके केस, अंगभर भाताच्या पेंढ्याचे झगे, हातात लाकडी सुरे. पाय आपटले तशी भांडी खणखणली. सुझुनानं माझ्या मानेला असा विळखा घातला की मला श्वास घेता येईना. निळा म्हणजे गेन्ता, तोशिकीच्या वर्गातला. त्याचा आवाज मला कुठंही ओळखू येतो. लाल मुखवट्याचा डावा खांदा थोडा खाली होता. त्या खांद्यावर डोकं ठेवून मी झोपते. एरवी तोशिकीला स्वतःच्या घरात पाठवत नाहीत, दुसरी जोडी येते. यंदा दुसरी जोडीच नव्हती.

सासूबाईंनी त्यांना बसवलं, दारू ओतली. निळ्यानं विचारलं, “गाजर न खाणारी पोर ती हीच का?”

“खाईन,” माझ्या मानेत तोंड खुपसून सुझुना म्हणाली. “अर्धं.”

“अर्धं?” निळा गरजला.

“पाऊण.”

शोगो काका खोकल्यासारखे हसले. सासूबाईही हसल्या. क्षणभर घर पूर्वीसारखं वाटलं. मग निळा माझ्याकडे वळला.

“आणि ही सून! आम्ही डोंगरावरून वर्षभर सगळं बघतो. या घरात दुपार झाली तरी अंथरूण उचलत नाहीत. शेगडीपुढं बसून बसून नडगीवर चट्टे उठले असतील, दाखव, सोलून काढतो. रडणं पुरे झालं. नव्या वर्षी या घराला धडधाकट मुलगा दे.”

दुपारी दाराशी झालेली कुजबुज ती हीच.

धडधाकट. मी सुझुनाला खाली ठेवलं. तिनं माझा स्वेटर सोडला नाही.

“देवा, मी बोलू?”

“सूनबाई,” शोगो काका म्हणाले, “देवांना उलटं बोलत नाहीत.”

“उलटं नाही बोलत. विचारते. ते वरून सगळं बघतात ना, म्हणून त्यांनाच विचारते.” मी उंबऱ्याकडे बोट केलं. “ऑक्टोबरात या घरात काय झालं? जन्म झाला की मरण आलं? सांगा. जन्म झाला असेल, तर तुम्हाला हा उंबरा ओलांडायचा हक्क नव्हता. मरण आलं असेल, तरी नव्हता. आणि दोन्हीतलं काहीच नव्हतं म्हणता, तर मग मी कशासाठी झोपून होते? माझ्या छातीत दूध कुणासाठी आलं होतं? अंथरूण दिसलं तुम्हाला, वरून. अंथरुणात कोण नव्हतं ते नाही दिसलं?”

“इकुए,” सासूबाई म्हणाल्या. “पोरीसमोर.”

“तिला तर तुम्ही संत्रं दिलंत, आई.”

निळा मुखवटा शोगो काकांकडे वळला, मग पुन्हा माझ्याकडे. त्याला पुढचं वाक्य सांगून ठेवलेलं नव्हतं. बिचारा गेन्ता. त्याच्या बायकोनं मला तिच्या मुलाचे धुतलेले कपडे आणून दिले होते, आणि नंतर येऊन गुपचूप परत नेले होते.

“मला कुणी दाखवला नाही तो,” मी म्हणाले. आता मी निळ्याशी बोलत नव्हते. “तुम्ही बघता ना सगळं. मग कसा होता तेवढं सांगा.”

लाल मुखवट्याच्या हातात दारूची वाटी होती. ती मुखवट्याच्या तोंडाशी जाऊन तिथंच थांबली होती.

“केस होते.”

तो राक्षसाचा आवाज नव्हता. लाकडाच्या आतून घुसमटून आलेला होता, पण राक्षसाचा नव्हता.

“दाट. काळे. ओले होते, म्हणून कपाळाला चिकटले होते.” वाटी हलली, दारू पेंढ्यावर सांडली. “मी बाजूला केले.”

स्टोव्हवरच्या किटलीनं वाफ सोडली.

“नखं होती,” लाल म्हणाला. “पूर्ण.”

मग त्यानं वाटी खाली ठेवली. माशाला हात लावला नाही, मोचीला लावला नाही. उठला. दाराशी जाऊन वळला, आणि पाय आपटायच्या ऐवजी वाकला. मुखवटा घसरला, तो त्यानं हातानं धरला.

“या घरी यायला नको होतं,” तो म्हणाला.

गेन्ता धडपडत मागे गेला. शोगो काकांनी टोपी काढून घातली, पुन्हा काढली, आणि बाहेरून दार इतकं हळू लावलं की आवाजही झाला नाही.

मी उभीच होते. मला रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. थोड्याच वेळात शेजारच्या घरातून गर्जना आली, “कुठं आहे रडकं पोर?” दोन आवाज होते. त्यातला एक त्याचा. म्हणजे तिथं जाऊन तोही ओरडला. ओरडावंच लागणार, देवच कमी आहेत. पण एका पांघरुणाखाली, कानाला कान लावून झोपणाऱ्या बायकोला जे सांगता आलं नाही, ते त्याला चारचौघांत, लाकडी तोंडानं सांगता आलं. माझ्या मुलाचे केस काळे होते, हे मला एका राक्षसाकडून कळलं. माझ्या पोटात वाढलेले केस. कपाळावरून ते बाजूला करणारा हात रोज माझ्यासमोर भात खात होता.

सासूबाई चौरंगासमोर तशाच बसल्या होत्या. मासे गार झाले होते, कडेला चरबी गोठली होती.

“गावभर होईल,” त्या म्हणाल्या. “देव ताटाला न शिवता उठले.”

“होऊ दे.”

“लोक विचारतील का म्हणून.”

“मग सांगा त्यांना.”

त्यांनी सुरईचं तोंड पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “काळे म्हणाला ना?”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. म्हणजे यांनाही माहीत नव्हतं. ‘दाखवू नका’ म्हणणाऱ्या या बाईनं स्वतःही पाहिलं नव्हतं, आणि ऑक्टोबरपासून तोशिकीला विचारलंही नव्हतं.

“तोशिकीलाही होते जन्मतः,” त्या म्हणाल्या. “असेच कपाळावर.”

एखादीनं त्यांचा हात हातात घेतला असता. मला ते जमलं नाही. त्यांना आत्ता, सगळं आवरून झाल्यावर, माझ्या मुलात आपल्या मुलाचं कपाळ शोधायचं होतं.

“मला बघू दिलं असतंत, तर मीच सांगितलं असतं तुम्हाला,” मी म्हणाले. “पहिल्याच दिवशी.”

त्यांनी ताटातला एक मासा उचलला, काटा सोडवला, आणि तसाच परत ठेवला.

चटईवर जागोजागी पेंढा गळून पडला होता. नामाहाग्यांच्या अंगावरून पडलेला पेंढा त्या संध्याकाळी झाडत नाहीत. त्यातली काडी मुलाच्या डोक्याभोवती बांधली की वर्षभर आजार जवळ येत नाही, असं आमच्याकडे मानतात. सुझुनाला हे पक्कं माहीत होतं. भीती ओसरली तशी ती रांगत रांगत काड्या गोळा करायला लागली, चौरंगाखालून, दाराजवळून. जिथं लाल बसला होता तिथं पुष्कळ होत्या. एक आजीकडून स्वतःच्या डोक्याला बांधून घेतली. सासूबाईंची बोटं गाठ मारताना दोनदा चुकली. दुसरी तिनं माझ्या डोक्याला बांधली, केस ओढत, जीभ दातांत धरून. काडी गार होती, तिला माशांचा आणि दारूचा वास होता.

“झालं,” ती म्हणाली. “आता तुला ताप नाही येणार.”

मी तिला जवळ ओढलं, पण ती सुटली. तिला अजून काम होतं. निवडून निवडून तिनं एक काडी काढली, सगळ्यांत सरळ, सगळ्यांत पिवळी. तिचं कडं केलं. बघितलं. मोठं वाटलं म्हणून सोडलं, लहान केलं. पुन्हा सोडलं.

“ही कुणाला?” मी विचारलं.

“बाळाला. देवळातल्या दगडाला नाही. बाळाला.”

सासूबाई उठून स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या. त्या दारातच थांबल्या.

सुझुनानं काडीची दोन्ही टोकं चिमटीत धरून माझ्यासमोर आणली, गाठ मारायला तयार, आणि कडं थोडं मोठं, थोडं लहान करत माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“आई, सांग ना. त्याचं डोकं केवढं होतं?”